जुन्या आधुनिक खुर्च्या नव्याने मढविताना : काठसाहित्याच्या शोधाचा प्रश्न
(सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना

महाविद्यालये, कचेऱ्या, सहकारी संस्था आणि जुन्या वाड्यांच्या अडगळीच्या खोल्यांतून आज एका विशिष्ट काळातील खुर्च्या मोडक्या अवस्थेत पडून असलेल्या दिसतात. साधारणतः १९३० ते १९७५ या काळातील या खुर्च्यांवर नक्षीकाम नाही, सिंहाचे पंजे नाहीत, मखमल नाही. सरळ रेषा, पोलादी नळी, वाफेवर वाकविलेले लाकूड, विणलेला वेत किंवा रेक्झिनची साधी गादी एवढेच त्यांचे रूप. संस्थानी किंवा व्हिक्टोरियन धाटणीच्या खुर्चीला 'जुनी म्हणून मौल्यवान' हा मान सहज मिळतो. या खुर्च्यांना तो मिळत नाही. त्या पुरेशा जुन्या वाटत नाहीत आणि पुरेशा नव्याही राहिलेल्या नाहीत.

अशी खुर्ची दुरुस्त करावयाचे ठरले की सांगाडा बहुधा अडचणीचा ठरत नाही. सागवान टिकलेले असते, नळी फक्त गंजलेली असते. कापड व फोम कोठेही मिळतो. काम अडते ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीपाशी, म्हणजे काठापाशी. गादीच्या कडेची पाइपिंग, चुका झाकणारी फीत, गोल डोक्याचे पितळी खिळे, खाचेत बसणारी वेताची पट्टी, कडेचे प्लॅस्टिक बीडिंग यांपैकी मुळाशी जुळणारे काहीच मिळत नाही आणि मग कारागीर जे हाताशी असेल ते लावून मोकळा होतो. प्रस्तुत लेखात या काठसाहित्याचे स्वरूप, ते दुर्मीळ होण्याची कारणे आणि वडूजसारख्या तालुक्याच्या गावातून त्याचा शोध कसा घेता येईल, याचे विवेचन करण्यात आले आहे.

वडूजचा संदर्भ येथे केवळ भौगोलिक नाही. खटाव तालुक्यातीलच औंध ही संस्थानची राजधानी होती आणि याच संस्थानच्या हद्दीत १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. नांगर व चरक यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या कारखान्यातून स्वातंत्र्यपूर्व काळात पोलादी फर्निचरही बाहेर पडत असे. युरोपात ज्या दशकांत नळीची खुर्ची हे आधुनिकतेचे चिन्ह मानले जात होते, त्याच सुमारास आधुनिक आसनाची कल्पना या दुष्काळी पट्ट्याच्या शेजारी पोहोचली होती. त्यामुळे या खुर्च्यांचा प्रश्न हा केवळ मुंबईच्या संग्राहकांचा प्रश्न नव्हे.

काठाचे कार्य

काठ ही शोभेची वस्तू आहे, असा समज सर्वत्र आढळतो. आधुनिक खुर्चीच्या बाबतीत तो विशेष दिशाभूल करणारा आहे. ज्या खुर्चीवर मुळातच अलंकरण नाही, तिच्यावर काठ असेल तर तो काही ना काही काम करीत असतो. गादीचे दोन तुकडे जेथे शिवले जातात तेथे घर्षण सर्वाधिक असते. पाइपिंग ते घर्षण स्वतःवर घेते आणि शिवण वाचविते. चौकटीवर कापड ताणून चुका ठोकल्यावर त्या चुकांची रांग झाकण्यासाठी फीत किंवा दुहेरी पाइपिंग येते. प्लायवूडच्या उघड्या कडेवर बीडिंग बसविले नाही तर पावसाळ्यात थर सुटू लागतात. वेताच्या जाळीभोवतीची पट्टी तर जाळीला धरूनच ठेवते. ती निघाली की बैठक खाली येते.

दृश्य परिणामाचेही तसेच आहे. अलंकार नसलेल्या वस्तूत रेषा हाच अलंकार असतो. साडेचार मिलिमीटर जाडीच्या पाइपिंगऐवजी आठ मिलिमीटरची लावली, तर त्याच खुर्चीची बाह्यरेषा सुजल्यासारखी दिसते. कापडाचा रंग थोडा वेगळा आला तर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही; काठाची जाडी चुकली तर नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते.

जुने साहित्य का मिळत नाही

याचे पहिले कारण मोजमापाचे आहे आणि ते बहुधा दुर्लक्षिले जाते. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली व पुढील काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यापूर्वीच्या, आणि सवयीने त्यानंतरच्याही काही वर्षांतील, खुर्च्या इंच-सुतात बनलेल्या आहेत. वेताच्या जाळीसाठी चौकटीत कोरलेली खाच जर दीड सुताची, म्हणजे ३/१६ इंचाची असेल, तर तिची रुंदी ४.७६ मिलिमीटर भरते. बाजारात पट्टी मिळते ती ४.५ किंवा ५ मिलिमीटरची. पहिली सैल बसते, दुसरी हातोडीने ठोकावी लागते आणि जुने लाकूड खाचेच्या कडेने फाटते. अशा वेळी जाड पट्टी काचकागदाने घासून उतरविणे हा मार्ग असतो. खाच रुंद करणे हा नव्हे. खाच एकदा वाढविली की मूळ माप कायमचे नाहीसे होते.

दुसरे कारण द्रव्यबदलाचे. 'रेक्झिन' हे आज सामान्यनाम झाले असले तरी मुळात ते मँचेस्टरजवळील हाइड येथील एका कंपनीच्या मालाचे नाव होते. त्या जुन्या रेक्झिनमध्ये सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप असे. पुढे त्याची जागा पीव्हीसीच्या लेपाने घेतली. भारतात असे 'लेदर क्लॉथ' तयार करणाऱ्यांत भोर इंडस्ट्रीज हे नाव ठळक होते. कायद्याच्या अभ्यासकांना ते १९८९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे परिचित असते. उत्पादनाच्या मधल्या टप्प्यावर तयार होणारी कच्ची पीव्हीसी फिल्म बाजारात विकण्याजोगी नसेल तर तिच्यावर अबकारी कर बसत नाही, असे त्या खटल्यात ठरले. खुर्चीच्या आवरणाचा इतिहास करविषयक निवाड्यात सापडावा, हे आंतरविद्याशाखीय अभ्यासाच्या दृष्टीने मनोज्ञ आहे. मुद्दा असा की, नायट्रोसेल्युलोजचे जुने आवरण कडक व पातळ असल्याने त्याची पाइपिंग बारीक व धारदार दिसे. आजचे जाळीदार पाठीचे मऊ रेक्झिन त्याच दोरीवर चढविले तरी गोलाई फुगीर येते. त्यामुळे मूळ जाडी साधावयाची असल्यास आतील दोरी मूळ दोरीपेक्षा बारीक घ्यावी लागते. हे साधे गणित न केल्याने अनेक चांगली कामे बिघडतात.

तिसरे कारण असे की, बीडिंग व धातूच्या पट्ट्या विशिष्ट साच्यातून काढलेल्या असत. कंपनीने नमुना बंद केला की साचा भंगारात जाई. अशी पट्टी दुकानात 'मिळत नाही' याचा अर्थ ती संपली असा नसून ती पुन्हा कधीच निघणार नाही असा असतो. म्हणून तिच्या बाबतीत शोध हा दुसऱ्या मोडक्या खुर्चीचा घ्यावयाचा असतो, दुकानाचा नव्हे.

वेताच्या खुर्च्या आणि विणकराचे हात

वेताच्या बैठकीला या चर्चेत अधिक जागा द्यावयास हवी, कारण महाराष्ट्रात आधुनिक खुर्चीची पहिली ओळख वेतातूनच झाली. व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याची १९५९ च्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८५९ साली, बाजारात आलेली १४ क्रमांकाची खुर्ची सुटे भाग करून पाठविता येत असे. एक घनमीटर खोक्यात ३६ खुर्च्या मावत. याच धाटणीच्या वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या मुंबईच्या इराणी हॉटेलांतून रुळल्या. पुढे मार्सेल ब्रॉयर याने १९२८ च्या सुमारास पोलादी नळीच्या खुर्चीत वेताची जाळी बसविली आणि यंत्र व हस्तकला यांचा मेळ घातला. चंदीगढ उभारणीच्या काळात पिएर जेनेरे याच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या सागवानी खुर्च्यांतही वेतच आहे.

वेताची बैठक दोन प्रकारांनी बसविली जाते आणि दुरुस्ती करणाऱ्याने प्रथम हा भेद ओळखणे आवश्यक आहे. चौकटीला कडेने भोके असतील तर विणकाम हाताचे. त्यात दोन फेरे उभे, दोन आडवे, दोन तिरपे आणि शेवटी भोके झाकणारी काठाची पट्टी अशा सात पायऱ्या असतात. भोकांऐवजी सलग खाच असेल तर आधीच विणलेली जाळी ओली करून खाचेत दाबलेली असते व वरून गोलसर पट्टी ठोकलेली असते. पहिल्या प्रकारात वेताची रुंदी भोकांतील अंतरावर ठरते. भोके सुमारे १३ मिलिमीटर अंतरावर असतील तर सव्वादोन मिलिमीटरचा वेत लागतो. १९ मिलिमीटरच्या अंतराला पावणेतीन मिलिमीटरचा. काठाची पट्टी मात्र नेहमी याहून रुंद असते, कारण तिला भोक पूर्ण झाकावयाचे असते. विणकामाचा वेत आणि काठाचा वेत एकाच मापाचा घेणे ही नवशिक्या कारागिराची हमखास चूक होय.

खाचेच्या प्रकारात जुनी पट्टी काढताना गोंद कोणता आहे हे पाहावे लागते. जुन्या कामात सरस असे. सरस कोमट पाण्याने सैल होतो व पट्टी सहसा न तुटता निघते. १९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आल्यानंतर सुतारांना मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण पांढऱ्या गोंदाने बसविलेली पट्टी काढताना पटाशी वापरावी लागते आणि प्रत्येक दुरुस्तीत खाच थोडी थोडी खाल्ली जाते. ज्या कामाची पुन्हा दुरुस्ती होणार हे निश्चित आहे, त्यात सहज निघणारा गोंद वापरणे शहाणपणाचे. सरसाचा वास सहन करावा लागतो, एवढीच त्याची किंमत.

वेताच्या पुरवठ्यावर आंतरराष्ट्रीय घडामोडींचाही परिणाम होतो. जगातील वेताचा सर्वांत मोठा साठा असलेल्या इंडोनेशियाने २०१२ पासून कच्च्या वेताची निर्यात बंद केली. स्थानिक बाजारात मात्र वेताची जागा त्याही आधीपासून नायलॉनच्या पट्टीने घेतलेली होती. नायलॉनची पट्टी स्वस्त व टिकाऊ आहे, परंतु ती ओली होऊन वाळताना आवळत नाही. वेत ओला करून विणतात तो वाळल्यावर आकसतो व बैठक ढोलकीच्या पानासारखी ताणली जाते. हा ताण हाच वेताच्या खुर्चीचा आराम असतो. नायलॉनवर बसणारा काही महिन्यांतच खोलगटात बसतो.

येथे एका सामाजिक बाजूचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. खुर्ची विणण्याची कला भारतात दीर्घकाळ अंध व्यक्तींच्या हाती होती. अंधशाळांच्या व्यवसाय-शिक्षणात वेतकाम असे आणि शासकीय कार्यालयांतील खुर्च्या विणण्याचे पद अंध उमेदवारांसाठी सुयोग्य म्हणून निश्चित केलेले होते. यामागे दया नव्हती, तर तर्क होता. भोके बोटांनी मोजावयाची, उभे-आडवे पदर स्पर्शाने वेगळे ओळखावयाचे आणि ताण हाताने जोखावयाचा, या कामात डोळ्यांपेक्षा बोटे अधिक विश्वासार्ह ठरतात. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्याने शासकीय सेवेत तीन टक्के आरक्षण दिले, २०१६ च्या कायद्याने ते चार टक्के केले. परंतु याच काळात कचेऱ्यांतील वेताच्या खुर्च्या जाऊन साच्यातील प्लॅस्टिकच्या व फिरत्या खुर्च्या आल्या. पद राखून ठेवता येते, पण पदासाठीचे काम राखून ठेवण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नसते. एखाद्या संस्थेने वीस वेताच्या खुर्च्या निर्लेखित केल्या, तर जडवस्तू नोंदवहीतून वीस ओळी कमी होतात. कोणाच्या तरी हातचे महिन्याभराचे काम कमी झाले, याची नोंद कोठेच होत नाही.

मढविलेल्या खुर्च्या : पाइपिंग, फीत, खिळे

गादीच्या खुर्च्यांबाबत एक दिलासा आहे. त्यांचा बहुतेक काठ विकत न घेता तयार करता येतो. मराठी शिंपीकामात 'मगजी' आणि 'गोट' हे शब्द जुने आहेत व पाइपिंगचे तत्त्व त्याहून निराळे नाही. विणलेल्या कापडाची पट्टी नेहमी उरेब, म्हणजे ४५ अंशांत तिरपी कापावी लागते. सरळ कापलेली पट्टी ताण घेत नाही व गादीच्या गोल कोपऱ्यावर तिला चुण्या पडतात. जाळीदार पाठीच्या रेक्झिनला स्वतःचा ताण असल्याने तेथे आडवी पट्टीही चालते.

पट्टीची रुंदी काढण्याचे सूत्र सोपे आहे. दोरीचा व्यास ५ मिलिमीटर असेल तर परीघ सुमारे १६ मिलिमीटर होतो. त्यात दोन्ही बाजूंना १२-१२ मिलिमीटर शिलाईची जागा मिळविली की ४० मिलिमीटर, म्हणजे चार सेंटिमीटरची पट्टी लागते. १३७ सेंटिमीटर पन्ह्याच्या अर्धा मीटर कापडाचे क्षेत्रफळ ६,८५० चौरस सेंटिमीटर. त्याला चाराने भागल्यास सतरा मीटर पट्टी निघावयास हवी. तिरप्या कापणीत कोपरे वाया जातात व जोड पडतात, म्हणून प्रत्यक्षात चौदा-पंधरा मीटर धरावी. ५० सेंटिमीटर चौरस बैठकीला वरचा व खालचा मिळून चार मीटर काठ लागतो. ४५ बाय ४० सेंटिमीटरच्या पाठीला दोन्ही बाजूंनी सुमारे साडेतीन मीटर. याचा अर्थ अर्ध्या मीटर कापडात दोन खुर्च्यांचा काठ जेमतेम बसतो. कापड खरेदी करतानाच हा हिशेब केला नाही तर काठासाठी पुन्हा आणलेले कापड वेगळ्या गठ्ठ्यातील निघते आणि रंगात किंचित फरक पडतो.

फोमच्या जाडीचाही काठाशी संबंध आहे. जुन्या गाद्यांत काथ्या, कापूस किंवा केस भरलेले असत व वर्षानुवर्षांच्या वापराने ते दबलेले असतात. दबलेल्या गादीवर मोजलेला काठ नव्या, उंच फोमला पुरत नाही. म्हणून मापे गादीवरून न घेता उसविलेल्या जुन्या आवरणाच्या शिवणीवरून घ्यावीत. जुने आवरण हाच खरा नकाशा असतो आणि कारागीर पहिल्या झटक्यात नेमका तोच फाडून टाकतो.

फितीचे व खिळ्यांचे मात्र असे घरी जमत नाही. सोफ्याच्या जुन्या फितीचा पोत पडद्याच्या, बॅगेच्या किंवा बँडवाल्यांच्या गणवेशाच्या फितीत कधी कधी अचानक सापडतो. पितळी खिळ्यांबाबत लोहचुंबकाची परीक्षा उपयोगी पडते. चुंबकाला चिकटणारा खिळा म्हणजे पितळेचे पाणी दिलेले लोखंड. मूळ खिळे भरीव पितळेचे असून त्यांतील थोडेच हरवले असतील, तर उरलेले सारे समोरच्या, दिसणाऱ्या बाजूला हलवावेत व नवे खिळे मागील बाजूला लावावेत. पूर्ण नवा संच लावण्यापेक्षा ही तडजोड कितीतरी प्रामाणिक वाटते. पोलादी नळीच्या खुर्चीच्या पट्ट्यांवरील मुलामा ओळखण्यासाठी दिवसाचा प्रकाश पुरतो. निकेल किंचित पिवळसर दिसतो, क्रोम निळसर. जुन्या निकेलच्या नळीला नवी क्रोमची पट्टी जोडली तर दोन्ही परस्परांना खोटे पाडतात.

शोध कोठे घ्यावा

वडूजमध्ये 'अपहोल्स्टरी' या नावाचा व्यवसाय शोधत जाणाऱ्याची निराशा होण्याचाच संभव अधिक. परंतु काठाचे ज्ञान येथे दुसऱ्या नावांनी नांदते आहे. जीप-ट्रॅक्टरची सीट कव्हरे शिवणारा कारागीर पाइपिंग उत्तम करतो आणि त्याच्याकडे दोरीच्या तीन-चार जाड्या असतात. बसची बॉडी बांधणाऱ्यांकडे व एस.टी.च्या जुन्या आसनांची कामे केलेल्यांकडे बीडिंगच्या अशा पट्ट्या निघतात, ज्या फर्निचरच्या दुकानात कधीच दिसत नाहीत. केशकर्तनालयाच्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्यास क्रोमची पट्टी व रेक्झिन यांचा सांधा नेमका ठाऊक असतो. ही मंडळी स्वतःला खुर्चीचे कारागीर म्हणवीत नाहीत, म्हणून त्यांना कोणी विचारत नाही.

त्यापुढील टप्पा कोल्हापूरचा. तेथील चर्मव्यवसायामुळे कातड्याच्या कडेच्या पट्ट्या, चुका व चिकटद्रव्ये यांचा पुरवठा सातत्याने राहिलेला आहे आणि शिवाजी उद्यमनगरात लहान संख्येने धातूचा एखादा भाग कातून घेणे शक्य असते. पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळी हार्डवेअरसाठी आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार मोडक्या वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. मुंबईत चोर बाजारातील मटन स्ट्रीट आणि जोगेश्वरीनजीकचा ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार येथे सुटे भाग मिळण्याची शक्यता सर्वाधिक, मात्र तेथील विक्रेत्याला वस्तूचे मोल ग्राहकाच्या चेहऱ्यावर वाचता येते.

या परिसराला एक सोय अशी आहे, जी पुण्या-मुंबईच्या संग्राहकांजवळही नाही. खानापूर-आटपाडीपासून खटाव-माणपर्यंतच्या गावांतील कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त भारतभरच्या शहरांत पसरलेली आहेत. दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या बाजारातून पन्नास पितळी खिळे आणावयाचे असल्यास दसऱ्या-यात्रेला गावी येणाऱ्या पाहुण्याइतका भरवशाचा मार्ग दुसरा नाही. अट एकच, पाहुण्याच्या हाती वर्णन नव्हे तर नमुना दिला पाहिजे. 'पिवळे, गोल डोक्याचे, मध्यम' या वर्णनावर आलेली वस्तू आजवर कोणाच्याही खुर्चीला बसलेली नाही.

नमुना घेण्याची पद्धतही ठरलेली असावी. पाइपिंगचा दहा सेंटिमीटरचा तुकडा बैठकीच्या खालच्या बाजूने कापावा, कारण तेथे ऊन व घाम पोहोचत नसल्याने मूळ रंग टिकलेला असतो. एक टोक उसवून आतील दोरी उघडी ठेवावी. व्यास पट्टीने न मोजता व्हर्निअर कॅलिपरने मोजावा. महाविद्यालयांत तो पदार्थविज्ञान विभागाच्या प्रयोगशाळेत असतो व प्रात्यक्षिकांव्यतिरिक्त क्वचितच बाहेर पडतो. रंग जुळविताना नमुना व नवा माल दुकानातील दिव्याखाली आणि बाहेर उन्हात असे दोन्ही ठिकाणी पाहावेत. निरनिराळ्या रंगद्रव्यांनी साधलेली एकच छटा एका प्रकाशात जुळते व दुसऱ्यात फुटते.

तंतोतंत जुळणारे न मिळाल्यास

बराच शोध घेऊनही मूळ काठ मिळत नाही, हे गृहीत धरूनच काम हाती घ्यावे लागते. अशा वेळी काय करावे याबाबत वास्तुसंवर्धनाच्या क्षेत्रातील विचार मार्गदर्शक ठरतो. १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या बाराव्या कलमात असे तत्त्व मांडले आहे की, हरवलेल्या भागाच्या जागी बसविलेला नवा भाग संपूर्णाशी सुसंवादी असावा, पण तो मुळापासून वेगळा ओळखताही यावा. हे तत्त्व स्मारकांसाठी आहे. खुर्चीवर माणसाला बसावयाचे असते. तरीही जाडी व रेषा मुळाबरहुकूम ठेवावी, द्रव्य आजचे वापरावे आणि ते आजचे आहे हे लपवू नये, असा त्याचा अर्थ येथे लावता येईल. नव्या पितळी खिळ्यांना आम्लाने काळवंडून जुने भासविण्याची जी प्रथा बाजारात आहे, ती या कसोटीवर टिकत नाही.

चंदीगढच्या खुर्च्यांचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. जेनेरेच्या काळातील या खुर्च्या कार्यालयांनी भंगार म्हणून लिलावात काढल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या घेतल्या, घासून-पुसून, नवा वेत विणून युरोप-अमेरिकेच्या लिलावगृहांत लाखो रुपयांना विकल्या. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ साली या वारसा-फर्निचरच्या विक्रीस प्रतिबंध करणारे आदेश दिले. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याचे संरक्षण तिला मिळू शकत नव्हते, कारण तो कायदा सामान्यतः शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंनाच लागू होतो. आधुनिक खुर्ची कायद्याच्या लेखी अद्याप अल्पवयीन आहे. विशेष असे की, या खुर्च्यांच्या पायांवर किंवा पाठीवर रंगाने लिहिलेले कार्यालयाचे नाव व क्रमांक हाच त्यांच्या अस्सलपणाचा पुरावा ठरला. घासून चकचकीत केलेली खुर्ची आपली जन्मपत्रिका हरवून बसते.

संस्थात्मक अडचणी

महाविद्यालयाच्या खुर्चीच्या पाठीमागेही पांढऱ्या रंगात असाच क्रमांक असतो. परंतु दुरुस्तीचा विषय निघाला की अडचण वस्तूपेक्षा कागदाची अधिक असते. तीन दरपत्रके मागविण्याचा नियम योग्यच आहे. मात्र वेत विणणारा कारागीर तालुक्यात एकच उरला असेल तर तीन दरपत्रके येणार कोठून? शिवाय २०१७ नंतर वस्तू व सेवा कराचा क्रमांक असलेले देयक देणे अशा कारागिराला सहसा शक्य नसते. नवी खुर्ची खरेदी करताना हे सारे प्रश्न आपोआप सुटतात. म्हणून मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी जुन्या खुर्च्या गच्चीवर जातात, आणि पहिल्या पावसानंतर त्या खरोखरच निर्लेखनास पात्र होतात. लहान रकमेच्या दुरुस्त्यांसाठी स्थानिक व्यवस्थापनाला असलेल्या अधिकारांचा वापर करून एका वेळी दोन-तीन खुर्च्या दिल्यास ही कोंडी काही प्रमाणात फुटू शकते. एकदम चाळीस खुर्च्यांचा प्रस्ताव केला की तो 'खरेदी' होतो.

दुरुस्तीनंतर जडवस्तू नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात केवळ 'दुरुस्त केली' असे लिहिण्याऐवजी काठाचा व्यास, वेताची रुंदी, वापरलेला गोंद व तारीख एवढे चार तपशील लिहिण्यास एकच ओळ लागते. उरलेल्या पाइपिंगचा हातभर तुकडा, चार-पाच जादा खिळे आणि मूळ काठाचा जुना नमुना एका कापडी पिशवीत घालून ती बैठकीच्या खालच्या बाजूला, पट्ट्यांच्या आत, दोन चुकांनी अडकवून ठेवावी. वीस-पंचवीस वर्षांनी ती खुर्ची जो कारागीर उलटी करील, त्याच्या हाताला प्रथम ती पिशवी लागेल.